उणे सात

वीज गेली ती नेमकी लिहिता लिहिता.
बुर्तुला स्वतःचं काहीतरी स्वतःत नोंदवत होता,
अर्धं वाक्य झालं असेल, फार तर पाऊण,
आणि कुताइसीच्या आमच्या बाजूला अंधार पडला.

परत आली तेव्हा त्याचा दिवा लाल.
चाकं जागच्या जागी गरगर, मग थांब, मग गरगर,
जसा पाहुणा परक्या घरात
मध्यरात्री न्हाणीघर शोधतो.

बुर्तुला म्हणजे छोटा चेंडू.
नाव ओतियाने ठेवलं, माझ्या भावाने.
बाबांचा गुडघा वाकेनासा झाला त्या हिवाळ्यात
फळीवरून खिळ्यांची पेटी आणायला
दुकानात कुणीतरी हवं होतं, न कुरकुरणारं.
मग ओतिया पोलंडला गेला, गोदामात कामाला.
बुर्तुला राहिला.

पोटाचं झाकण काढलं. चारपैकी तीन स्क्रू,
चौथा कधीचा हरवलेला.
टाचणीने बारीक बटण दाबून धरलं, दहा मोजले.
बाबांनी वीस मोजायला लावले,
यंत्रांचा त्यांना भरवसा नाही.
जुनी प्रत एकच होती आमच्याकडे,
तो खोक्यातून निघाला त्या दिवसाची.
तीच घातली.

हिरवा दिवा. बाबांनी चहाचा पेला खाली ठेवला.
बुर्तुला निघाला,
ताठ, गुणी, कोऱ्या पाटीचा,
आणि थेट डाव्या भिंतीवर आपटला.
उचलून पुन्हा मांडला. पुन्हा डावी भिंत.
ये रे माझ्या मागल्या.

पडद्यावर तर सगळं बरोबर.
प्रत्येक आकडा कारखान्यातून आला तसा,
शून्याच्या जागी शून्य.
ओतिया दर रविवारी फरशीवर पालथा पडून
त्याला काहीतरी समजावत असायचा.
ते पुसलं गेलं होतं.
मी निरोप धाडला: काय सांगितलं होतंस याला?
त्याची रात्रपाळी. फोन कुलुपात.

बाबांनी बुर्तुला उलटा केला,
जोडा बघतात तसा बघितला.
आधी टाच, मग कड,
बोट फिरवलं रबरावरून.
"डावं झिजलंय. चाळीस वर्षं झाली,
सारखा झिजलेला जोड आला नाही या दुकानात.
न्यायाधीशाचा नाही, नवरीचाही नाही.
पट्टी लाव याला."

पट्टी नाही चालत, बाबा, आकडा लागतो.

"मग आकडा लाव. पण आधी चालव.
पायात घातल्याशिवाय जोडा बोलत नाही."

खडूने रेघ ओढली, बाकड्यापासून फळीपर्यंत.
उणे तीन. तरी चार बोटं डावीकडे.
उणे नऊ. आता उजवीकडे, सरसाच्या डब्यावर,
डबा आडवा, बाबांच्या तोंडून
जे निघालं ते इथे लिहीत नाही.
कालिस्त्राते काका बुटाला टाच लावायला आलेले,
एका पायात बूट, एका पायात मोजा,
तेही उकिडवे बसले रेघेशी.
उणे सहा. जवळजवळ.
उणे सात.

रेघ धरून गेला, पेटी घेऊन आला,
बाबांच्या आखडलेल्या पायाशी थांबला.
काकांनी टाळ्या वाजवल्या, मग मोजा झटकला.

ओतियाचा निरोप पहाटे आला.
"आकडा नाही आठवत गं. चाकांच्या आवाजावर लावला होता.
शेगडीपाशी थांबतो का अजून?"

थांबायचा खरा.
हिवाळ्यात, येता-जाता, श्वासभर,
काही कारण नसताना.
आम्ही तो बिघाड समजायचो.

मी मुद्दाम शेगडी पेटवली,
तीन फेऱ्या करायला लावल्या.
सरळ गेला. सरळ आला.

झाकणाच्या आतल्या बाजूला
शाईने लिहिलं: उणे सात.
शेगडीचं काय लिहावं कळेना.
तेवढी जागा सोडली
आणि तीन स्क्रू आवळले.